तीनशे एक

गुरुसिद्ध अण्णांनी लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट दिलं.
आत बोटभर दोरा, पिवळा.
"तुझ्या बापाचा हात. अठ्ठ्याहत्तर सालचा हंडा.
तो मरेपर्यंत म्हणाला, डाळिंबाची साल.
मी म्हणतो, मार्केट यार्डातला कांदा."
आणि मग कानडीत काहीतरी,
मला कळू नये असं.

आम्ही घरी दानिम्मा म्हणतो. अण्णा दाळिंबे.
यंत्राला यातलं काहीच लागत नाही.

केगावला मे महिना. एसी फक्त यंत्राच्या खोलीत,
म्हणून कामं नसलेलेही तिथेच रेंगाळतात.
दोरा मेथेनॉलमध्ये सोडला, वर थोडं आम्ल,
कारण तुरटीने धरलेला रंग सहजी सुटत नाही.
सेहेचाळीस वर्षांची पकड.
पाऊण तासाने बाटली पिवळी झाली.

मग सुई. सुईच्या टोकाला काही हजार व्होल्ट,
थेंबाचं धुकं, धुकंही वाळून जातं,
आणि एकेक हायड्रोजन गमावलेले रेणू
पोकळीत शिरतात, धावतात,
हलके आधी, जड मागून.
श्रीशैल म्हणाला, मॅडम, नायट्रोजन दोन फेऱ्यांपुरताच आहे.

पडद्यावर तीनशे एक.

पंचाईत अशी की
डाळिंबाच्या सालीतलं एलॅजिक आम्ल तीनशे एक
आणि कांद्याच्या सालीतलं क्वेर्सेटिनही तीनशे एक.
यार्डातला हमाल म्हणेल, सारखंच भरलं, उचला.
दशांश चिन्हाच्या पलीकडे उतरावं लागतं:
एक तीनशे एकला सहस्रांशाने कमी,
दुसरं पस्तीस सहस्रांशांनी जास्त.
तरीही शंका उरली तर फोडायचं.
कांद्याचं फुटतं, एकशे एक्कावन्नचा तुकडा टाकून.
डाळिंबाचं हट्टी. आपटलं तरी बरंचसं तसंच उरतं.
(बाबाही तसेच होते, असं लिहायचा मोह होतो.
लिहीत नाही.)

अकराव्या मिनिटाला उंच सुळका.
पस्तीस जास्त. एकशे एक्कावन्न.
कांदा.

मी आलेख उगाच लहानमोठा करत बसले.
आमच्या माळ्यावर एक गोणी होती,
आतून लालसर पापुद्रे चिकटलेली.
आई म्हणायची कापसाची आहे.
मी मान डोलवायचे. कापूस लाल नसतो
हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग आठव्या मिनिटाला काहीतरी दिसलं.
तळरेषेच्या खडबडीतून जेमतेम वर आलेलं,
घामोळं म्हणून सोडून द्यावं एवढंच.
वजन पाहिलं. सहस्रांशाने कमी.
दुसरी फेरी लावली, शेवटची. जोर वाढवला. फुटेना.
अजून वाढवला, तेव्हा दोनशे एकोणतीस,
तेही नाखुशीने.

साखर पेठेत, ओट्यावर, अण्णा विचारतात, "किती?"
"शंभरात दोनतीन. अंदाजे."
अण्णा बोटांची पेरं मोजतात, थांबतात,
पुन्हा पहिल्या पेरापासून.
"एका हंड्याला दोन फळांची साल," म्हणतात.
मग बराच वेळ समोरच्या बंद मागाच्या शटरकडे बघत,
"दोन मीच दिली होती. तुझी आई बाळंत होती तेव्हा.
खायला दिली होती."

शेजारच्या घरातून कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला.

"पैज कोण जिंकलं?" मी विचारलं.
त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.
"दोरा दे परत," म्हणाले.

दिला. पाकिटासकट.
रंग सगळा बाटलीत, बाटली उणे वीसला,
झाकणावर माझ्या अक्षरात नमुना सतरा.
अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला,
दोरा उन्हात धरला, उलटा करून पुन्हा धरला.
पांढरा स्वच्छ.

"हा आमचा नव्हे," म्हणाले.